हुशार मुलांनाच शाळेत त्रास का होतो? कोकणातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका हायस्कुलात मी चोवीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतोय. पालक बहुतेक वेळा व्हरांड्यातच गाठतात. छत्री मिटता मिटता, निम्मं लक्ष एसटीच्या वेळेकडे ठेवून विचारतात. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात आणि गणपतीच्या सुटीनंतर हे प्रश्न जास्त येतात. दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

माझी मुलगी हुशार आहे म्हणूनच तिला त्रास देतात. खरं ना, सर?

अर्धं खरं. अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवीतल्या ४३२ हुशार मुलामुलींना विचारलं, तेव्हा साधारण दोन तृतीयांश मुलांनी शाळेत कधी ना कधी असा त्रास झाल्याचं सांगितलं. आकडा मोठा आहे, पण त्यावरून बाकीच्यांना कमी त्रास होतो असं ठरत नाही. हुशार मुलांच्याच वाट्याला हे जास्त येतं का, यावर संशोधकांचं एकमत नाही.

मी वर्गात जे बघतो ते असं. त्रास देणाऱ्याला पिळायला एक कान लागतो. जाड्या मुलाचा कान त्याचं पोट, तोतऱ्याचा त्याची जीभ, आणि तुमच्या मुलीचा तिची वही. पण कान सगळ्यांनाच असतात. पिळला जातो तो जो मधल्या सुटीत एकटा बसतो त्याचा. पिळल्यावर ज्याचे डोळे लगेच भरतात त्याचा. ज्याच्या बाजूने वर्गात कोणी बोलत नाही त्याचा. एक जरी जिवाभावाचा मित्र असला तरी त्रास कमी होतो, हे संशोधनातही दिसलंय. त्यामुळे पालक आले की मी आधी गुणपत्रक विचारत नाही. मुलगी डबा कोणाबरोबर खाते ते विचारतो. बऱ्याच जणांना उत्तर माहीत नसतं.

थोडं चिडवणं तर चालायचंच. आमच्या वेळी काय कमी होतं?

मालवणी माणसाला मस्करीशिवाय जेवण पचत नाही, हे मलाही ठाऊक आहे. टोपणनाव नसलेला माणूस आमच्या वाडीत सापडायचा नाही. माझंही आहे, ते इथे सांगणार नाही.

'बुलिंग'ला मराठीत नेमका शब्द नाही, ही यातली एक अडचण. दादागिरी म्हटलं की मारामारी डोळ्यांसमोर येते, छळ म्हटलं की सासुरवास. मुलं नुसतं 'त्रास देतात' म्हणतात आणि आपण ते सोडून देतो. स्वीडन-नॉर्वेत १९७०च्या दशकापासून यावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या. मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा केलेलं असतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. नॉर्वेत १९८२च्या अखेरीस तीन मुलांनी जीव दिला, तेव्हा कुठे १९८३ साली तिथे देशभर मोहीम सुरू झाली. तोवर तिकडेही 'चालायचंच' होतं.

माझी कसोटी सोपी आहे. ज्याला चिडवतात तो उलट चिडवू शकतो का? आणि त्याचा चेहरा पडला की बाकीचे थांबतात का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती मस्करी नव्हे.

यात हात उगारण्याची गरज नसते. वाळीत टाकणं म्हणजे काय ते कोकणाला समजावून सांगायला नको. रायगडातल्या गावांमधली प्रकरणं इतकी गाजली की सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ साली कायदा करावा लागला. तेच सातवी-आठवीच्या वर्गात होतं, फक्त गावकीच्या जागी चार पोरी किंवा चार पोरगे असतात. 'तिच्याशी कोणी बोलायचं नाही' एवढं ठरलं की झालं. व्हॉट्सॲपवर वर्गाचा एक ग्रुप असतो आणि तिला सोडून दुसरा. यात पकडायला काही नसतं. शिक्षकाने विचारलं तर 'आम्ही काय केलं, सर?' आणि खरंच, त्यांनी काहीच केलेलं नसतं.

पण हुशारीचा राग येण्यासारखं त्यात काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अवघड जातं, कारण त्यात मी आहे.

नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मी चाचणीचे पेपर गुणांच्या क्रमाने वाटायचो. पहिला पेपर पहिल्याचा, शेवटचा शेवटच्याचा. शेवटचा पेपर देताना एखादं वाक्यही टाकायचो, 'त्याच्याकडे बघ जरा'. मला वाटायचं मुलं ईर्ष्येने अभ्यास करतील. एका वर्षी पहिला पेपर कायम एकाच मुलाला जायचा. बारीक अंगाचा, जाड भिंगाचा चष्मा. त्यालाच मी मॉनिटर केलं आणि सांगितलं की मी नसताना जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही. त्याने इमानदारीत लिहिली. दिवाळीनंतर त्याच्या आईने मला त्याचं दप्तर आणून दाखवलं. आत ओली वाळू होती, वह्यांच्या पानापानांत. तळाशी एक चिठ्ठी होती, 'फळ्यावर लिही आता'.

आता हिशेब मांडा. वर्गातल्या चाळीस मुलांना रोज कोणाशी तरी तोलून कमी ठरवलं जातं. तोलणारा मी. माझ्यावर राग काढता येत नाही, कारण माझ्या हातात गुण आहेत. मग तो राग मापावर निघतो. शिवाय मीच त्या मापाच्या हाती खडू देऊन त्याला पोलीस केलेलं. अंगात बळ नाही, मागे माणसं नाहीत, आणि हातात अधिकार मात्र आहे. असा पोलीस कुठल्या गावात टिकेल?

आईवडीलही हेच करतात, फक्त चुलीपाशी. 'शेजारच्याक बग, शिष्यवृत्ती मिळाली.' त्या शेजारच्याला दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्याची किंमत मोजावी लागते, ते त्या घरात कोणाला कळत नाही. तिठ्यावर लागलेला फ्लेक्स हा याचाच मोठा प्रकार. मुलाचा फोटो, शेजारी पुढाऱ्यांचे सात फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन'. एका मुलीने मला सांगितलं होतं की ती त्या तिठ्यावर बसमधून उतरायचीच नाही. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत यायची, कारण फ्लेक्सखाली पोरं बसलेली असायची.

मुलाच्या बाजूचंही एक कारण आहे. अशा मुलांची बुद्धी वयाच्या पुढे धावते, पण मन आणि शरीर वयाएवढंच असतं. पाचवीतलं पोर कृष्णविवराबद्दल बोलतं आणि कबड्डीत हरलं की रडतं. बाकीच्या मुलांना याचा मेळ लागत नाही. 'तुका सगळा येता मा? मग ह्या कसा येना नाय?' हा टोमणा मी मैदानावर किती वेळा ऐकलाय, मोजदाद नाही.

कोकणात तर शिक्षणाला मान आहे. दहावीच्या निकालात आपण पहिले असतो.

असतो. कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून आपण सतत राज्यात वर आहोत. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२. पण सगळेच पास होतात तिथे पास होण्याला कोण विचारतो? मग ताण नव्वदच्या वरचा. आणि गाव लहान. मुंबईतल्या मुलाला शाळेत त्रास झाला तर संध्याकाळी सोसायटीत, क्लासमध्ये वेगळे मित्र भेटतात. आपल्याकडे शाळेत जो मागच्या बाकावर, तोच बसमध्ये, तोच जत्रेत दशावतार बघताना शेजारी, आणि त्याची आत्या आपली काकी.

प्राथमिकला सगळं छान होतं. पाचवीत किंवा आठवीत गेल्यावरच का सुरू झालं?

वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत मुलं पंधरा-वीस. एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात. तिथे हुशार मूल धाकट्यांना पाढे शिकवतं आणि सगळ्यांचं लाडकं असतं. हायस्कुलात पाच-सहा वाड्यांची मुलं एकत्र येतात. कोण वर, कोण खाली, हे नव्याने ठरायचं असतं, आणि ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठरतं. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातही सहावीच्या सुमाराला त्रास सर्वांत जास्त दिसला. तिकडेही मुलं त्याच वयात प्राथमिक शाळेतून मोठ्या शाळेत जातात.

दुसरी गोष्ट एसटीची. त्रास वर्गात कमी होतो. तो थांब्यावर होतो, बसच्या मागच्या सीटवर होतो, मुतारीकडे होतो. जिथे मोठं माणूस नाही तिथे. कंडक्टर पुढे तिकिटं फाडत असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंतची चाळीस मिनिटं मुलं कोणाच्या नजरेखाली असतात? आम्ही आळीपाळीने एक शिक्षक थांब्यावर ठेवायला लागलो. बाकी काही न करता तक्रारी उतरल्या. त्या शिक्षकाला चहा मात्र स्वतःच्या पैशाने प्यावा लागतो.

आम्ही मुंबईहून गावी परतलो. मुलाला 'शुद्ध बोलतो' म्हणून चिडवतात.

बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत निवळतं. मालवणी कानावर पडू द्या आणि घरात तिला नावं ठेवू नका. 'ही काय भाषा' असं आईच्या तोंडून एकदा ऐकलं की ते वर्गात पोचतं, आणि मग ते निवळत नाही.

आमची मुलगी कोळीवाड्यातून येते. पहिली येते, तर 'मासळीचा वास येतो' म्हणतात. हेही तेच का?

नाही, हे वेगळं आहे. कृपा करून याला मस्करीत घालू नका. जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून हिणवणं हे वर्गात जन्मत नाही, ते मोठ्यांच्या घरातून डब्यासारखं आणलेलं असतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागायचं, घरून आणलेल्या गोणपाटावर. त्यांच्या बुद्धीने ते गोणपाट सुटलं नाही. खालच्या मानलेल्या घरातलं मूल पुढे गेलं की राग दुप्पट होतो, कारण वर्गातली नव्हे तर गावातली उतरंड मोडते. अशा वेळी मुलीला 'तू अभ्यासाने उत्तर दे' सांगणं म्हणजे तिच्याच डोक्यावर आणखी एक ओझं. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या.

त्रास देणारी मुलं अभ्यासात 'ढ' असतात ना?

हा गैरसमज आम्हा शिक्षकांचाही लाडका आहे. इंग्लंडमध्ये १९९९ साली झालेल्या एका अभ्यासात टोळीचे म्होरके दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात चांगलेच तरबेज निघाले. ते असणारच. कुठे बोट ठेवलं की दुखेल हे कळायला डोकं लागतं. कधी कधी पहिल्याला त्रास देणारा दुसरा असतो, आणि सरांपुढे त्याच्याइतका गुणी कोणी नसतो.

बाकीची मुलं बघत असतात. ती मधे का पडत नाहीत?

फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की हा खेळ दोघांचा नसतो. एक म्होरका, त्याचे हस्तक, हसून साथ देणारे, बाजूला सरकणारे आणि थोडे पाठीशी उभे राहणारे. हसणाऱ्यांशिवाय म्होरक्याला मजा नाही. कॅनडात संशोधकांनी मैदानावरच्या मुलांचं चित्रण केलं. दहापैकी आठ-नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मधे पडणारे थोडेच होते, पण कोणी मधे पडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. हा आकडा मी शिक्षकांच्या बैठकीत सांगितला तेव्हा कोणाचा विश्वास बसेना.

मधे पडायची भीती खरी आहे, उद्या आपला नंबर लागेल. म्हणून मी मुलांना मधे पडा असं सांगत नाही. हसू नका, आणि नंतर त्याच्याबरोबर बसपर्यंत चालत जा, एवढंच सांगतो. तेवढं बऱ्याच जणांना जमतं.

मूल घरी काही सांगत नाही. ओळखायचं कसं?

रविवारी रात्री पोट दुखतं. डबा तसाच परत येतो, किंवा उलट, घरी आल्यावर अधाशासारखं जेवतं. पाण्याची बाटली भरलेली येते, कारण मुतारीकडे जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायलेलं नसतं. नेहमीची बस सोडून उशिराची पकडतं. कंपासपेटी तिसऱ्यांदा हरवते. आणि एक दिवस सरळ म्हणतं, 'माका शाळेत जावचा नाय.'

हुशार मुलांची आणखी एक खूण आहे, ती पालकांच्या नजरेतून सुटते. ती मुद्दाम चुकतात. मी एकदा सातवीची उत्तरपत्रिका तपासत होतो. कठीण उदाहरणं अचूक, आणि २४ गुणिले ५ चं उत्तर चुकलेलं. तीन चाचण्यांत तेच. बोलावून विचारलं तर खाली बघत म्हणाली, 'सर, पहिली नको येऊ दे.' गुण अचानक घसरले तर रागवायच्या आधी कोणत्या प्रश्नांत घसरले ते बघा.

'दुर्लक्ष कर' सांगू, की 'एक ठेवून दे' सांगू?

पहिलं आई सांगते, दुसरं मामा. दोन्ही फसतात. दुर्लक्ष करणं हे मोठ्यांनाही जमत नाही. आणि मूल सहा महिने दुर्लक्ष करून थकल्यावरच तुमच्याकडे आलेलं असतं. ठेवून द्यायला बळ लागतं. ते असतं तर प्रश्नच आला नसता, आणि ठेवून दिल्यावर मुख्याध्यापकांपुढे उभं तुमचंच मूल राहतं.

आधी पूर्ण ऐकून घ्या. मध्ये 'मग तू काय केलंस?' विचारू नका. 'यात तुझी चूक नाही' हे वाक्य तोंडाने म्हणा. आपल्याकडे ते म्हणायची सवय नाही. मग कधी, कुठे, कोण, कोणासमोर, एवढं एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. आणि शाळेबाहेरची एखादी जागा शोधा, भजनी मंडळ, बुद्धिबळ, पोहणं, काहीही, जिथे तो 'स्कॉलर' नाही.

मुलाचंही काही चुकत असेल का?

असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर पुरं होण्याआधी हात वर करणारी, सरांची चूक दाखवल्यावर वर्गाकडे वळून बघणारी मुलं मी पाहिलीत. वर्गाच्या भाषेत 'शायनिंग मारणारी'. त्यांना घरात शांतपणे सांगा की माहीत असणं आणि दर वेळी सांगणं या दोन गोष्टी आहेत. पण हे त्रास थांबल्यावर सांगा. मार खाऊन आलेल्या मुलाला वागणुकीचे धडे दिले की पुढच्या वेळी ते तुम्हालाही सांगणार नाही.

शाळेत तक्रार कशी करावी? कायदा काय म्हणतो?

आधी वर्गशिक्षक, वही घेऊन. मग मुख्याध्यापक, लेखी अर्ज, पोच घेऊन. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीच्या सभेत विषय काढा. नावं न घेता थांबा, बस, मधली सुटी यांवर बोला. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, मूल स्वतःही लावू शकतं.

एक मात्र टाळा. दोघांना समोरासमोर उभं करून 'हात मिळवा' म्हणायला लावू नका. सारख्या ताकदीच्या भांडणात ते चालतं. इथे एकाला दुसऱ्याची भीती असते. तो हात मिळवतो आणि बसमध्ये त्याचं व्याज भरतो.

सरच टोमणे मारत असतील तर?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी करतं, आणि तसं करणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. 'काय पंडित, आज नाय येत उत्तर?' असं शिक्षकाने वर्गात म्हटलं की चाळीस मुलांना परवाना मिळतो. मुख्याध्यापकांना भेटा. तिथे ऐकलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

शाळा बदलावी का?

शहरात हा सल्ला सोपा आहे. इथे पुढचं हायस्कूल खाडीपलीकडे असतं. आधी तुकडी, बाक किंवा बस बदलता येते का बघा. तरीही जिवावर बेतत असेल तर बदला, आणि मुलाला 'तू हरलास' वाटेल असं काही बोलू नका.

डॉक्टरकडे कधी न्यावं?

झोप उडाली, खाणं सुटलं, 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही बोललं तर त्याच दिवशी. 'रत्नागिरीक पाठवचो लागतलो' हा आपल्याकडचा जुना विनोद. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे म्हणून तो झाला, आणि त्याच विनोदापायी माणसं मदत घ्यायला लाजतात. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, घरातूनच मोफत बोलता येतं.

आमचाच मुलगा त्रास देणारा निघाला तर?

चोवीस वर्षांत हा प्रश्न मला दोनच पालकांनी विचारला. त्यातला एक ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. बंदरात आल्या आल्या, अंगाला खारं पाणी तसंच, शाळेत आला. गावात कुणकुण लागली होती. म्हणाला, 'सर, त्येका झोडपून काढू काय?' मी म्हटलं, नको, तेच तर तो दुसऱ्याला करतोय. मी त्याला एवढंच सांगितलं की मुलगा ज्याला त्रास देतो त्याचं नाव विचार, त्याने काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐक, आणि तो वर्गात कशात मागे पडतोय ते मला येऊन सांग.

आठवड्याने तो परत आला. मुलाला सातवीत असून नीट वाचता येत नव्हतं. मला ते कळलं नव्हतं, बापालाही नाही. पुढे दोन महिने शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे बसायचा. त्याला वाचायला कोण शिकवणार यावर बरीच खळखळ झाली. शेवटी ते काम त्याच चष्मेवाल्याने मागून घेतलं, ज्याच्या दप्तरात वाळू निघाली होती. तोवर तो दहावीत होता, आणि मी पेपर क्रमाने वाटणं बंद केलं होतं.